चित्रातील स्त्री आणि तिचे नाव: अहमदनगरच्या दरबारापासून मुंबईच्या चित्रशाळेपर्यंत

चित्रातील स्त्रीच्या गूढतेविषयी जे लेखन होते, त्यातील बरेचसे तिच्या ओठांच्या कोपऱ्याभोवती आणि नजरेच्या रोखाभोवती घुटमळत राहते; ती कोण होती, तिला चित्रकारासमोर कोणी बसवले, चित्र कोणासाठी काढले गेले आणि ते पूर्ण झाल्यावर तिच्या नावाचे काय झाले, हे प्रश्न मात्र सहसा बाजूला पडतात. लिओनार्दोची ‘मोनालिसा’ म्हणजे फ्लॉरेन्समधील रेशीम-व्यापारी फ्रांचेस्को देल जोकोंदो याची पत्नी लिसा, हे जॉर्जो वासारी याने सोळाव्या शतकातच लिहून ठेवले होते, आणि हायडेलबर्गच्या ग्रंथालयातील एका जुन्या पुस्तकाच्या समासात आढळलेल्या १५०३ सालच्या टिपेमुळे २००५ मध्ये त्याला दुजोराही मिळाला. तरी एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी तिच्याभोवती उभे केलेले गूढ या पुराव्याने रेसभरही उणावले नाही. दख्खनमध्ये आणि पुढे मुंबईत काढल्या गेलेल्या स्त्रीचित्रांचा इतिहास पाहिला, तर तेथे या गूढाची जडणघडण अधिक स्पष्टपणे पाहता येते, कारण येथे कधी स्त्रीचे नाव ठाऊक असूनही तिचा चेहरा पुसला गेला, कधी चेहरा टिकून नाव गेले, तर कधी नसलेल्या चेहऱ्याला नाव चिकटवले गेले.

या इतिहासाचे पहिले मोठे प्रकरण पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचे एक सचित्र फार्सी हस्तलिखित जपलेले आहे. आफताबी या कवीने रचलेले हे काव्य अहमदनगरचा सुलतान पहिला हुसेन निजामशाह याच्या स्तुतीपर असून, जानेवारी १५६५ मध्ये विजयनगरच्या सैन्याचा मोड करणाऱ्या दख्खनी सुलतानांच्या आघाडीतील त्याचा पराक्रम हा त्याचा एक मुख्य विषय आहे. त्या विजयानंतर काही महिन्यांतच हुसेन मरण पावला, त्याचा मुलगा मुर्तजा अल्पवयीन असल्यामुळे राज्यकारभार विधवा राणी खुंजा हुमायूँ हिच्या हाती आला, आणि तिची सत्ता चालू असतानाच, म्हणजे १५६५ ते १५६९ या काळात, हे हस्तलिखित तयार झाले असे अभ्यासक मानतात. दख्खनी चित्रशैलीच्या उपलब्ध नमुन्यांत ते अगदी आरंभीचे आहे, आणि महाराष्ट्राच्या भूमीवर काढल्या गेलेल्या, ओळख ठाऊक असलेल्या स्त्रीच्या चित्रांचाही तो एक आद्य नमुना म्हटला पाहिजे.

या चित्रांत राणी पडद्याआड नाही. सिंहासनावर, राजाच्या अगदी निकट, सेवक आणि दासींच्या देखत ती बसलेली दाखवली होती, आणि मुसलमानी दरबारी चित्रकलेत राज्यकर्त्या पुरुषाच्या बरोबरीने त्याच्या पत्नीला असे उघड स्थान देण्याची प्रथा फारशी कोठे आढळत नसल्यामुळे, या मांडणीमागे कारभार हाकणाऱ्या राणीचीच इच्छा असावी असा तर्क करणे वावगे ठरणार नाही. आज ती पाने पाहणाऱ्याला मात्र राणी सहजासहजी दिसत नाही. राजाचे वस्त्र, चवऱ्या ढाळणारे सेवक, महालाच्या कमानी, सारे जागच्या जागी आहे. राजाच्या शेजारची आकृती तेवढी अनेक पानांवर खरवडून, रंग फिरवून धूसर केलेली आहे. १५६९ मध्ये मुर्तजाने सत्ता आपल्या हाती घेतली आणि आईला कैदेत टाकले. त्यानंतर ही खाडाखोड झाली असे मानले जाते. हस्तलिखित जाळून टाकणे किंवा ती पाने फाडणे अशक्य नव्हते, परंतु तसे केले असते तर वडिलांची स्तुतीही नष्ट झाली असती, म्हणून केवळ आईला वगळण्याचा मार्ग पत्करला गेला असावा. परिणाम मात्र उलटाच झाला, कारण दरबारी चित्रातील एखादी राणी पाहणारा क्षणभर पाहून पुढे जाईल, परंतु राजाच्या मांडीलगतचा तो डाग त्याला थांबवल्याशिवाय राहत नाही.

याच हस्तलिखितात ‘दोहद’ या जुन्या भारतीय कविसंकेतावर आधारलेले एक चित्र आहे. तरुण स्त्रीच्या स्पर्शाने किंवा पदाघाताने विशिष्ट वृक्ष मोहरतो, या समजुतीला संस्कृत काव्यशास्त्रात दोहद म्हणतात, आणि फार्सी काव्याच्या पानावर तो संकेत चित्रित व्हावा, त्यातील स्त्रियांच्या अंगावर चोळी आणि नेसलेले लुगडे असावे, हे दख्खनच्या मिश्र संस्कृतीला साजेसेच आहे. अशी नायिका कोणी ठरावीक व्यक्ती नसते; तिला नाव नसते आणि म्हणून तिच्यापासून कोणाच्या सत्तेला भयही नसते. नावानिशी ओळखू येणारी राणी आणि निनावी नायिका या दोघी एकाच ग्रंथात एकमेकींशेजारी आहेत, आणि पुढील तीनशे वर्षांत भारतीय चित्रकारांनी प्रामुख्याने दुसरीचीच निवड केली.

त्याला व्यावहारिक कारणही होते. व्यक्तीचे हुबेहूब चित्र, ज्याला फार्सीत ‘शबीह’ म्हणत, हे मोगल आणि दख्खनी दरबारांत मोठ्या योग्यतेला पोहोचले होते. सरदारांची नाके, दाढ्या, पोटे, वयाच्या सुरकुत्या यांची चित्रकारांनी इतकी बारकाईने नोंद केली आहे की नाव लिहिलेले नसतानाही पुष्कळांची ओळख पटवता येते. राजस्त्रिया मात्र पडद्यात असल्यामुळे पुरुष चित्रकाराला त्यांचे दर्शन घडणे दुरापास्त होते. त्यामुळे त्यांची म्हणून जी चित्रे दाखवली जातात, त्यांत एकच लांबट डोळा, एकच सरळ नाक आणि एकच मोत्यांची माळ पुन्हा पुन्हा येते, आणि अशा अनेक चित्रांवरील बेगमांची नावे नंतरच्या काळात संग्राहकांनी किंवा विक्रेत्यांनी जोडलेली असतात. चेहरा बहुधा एकचश्म असे, म्हणजे एका बाजूने रेखलेला, ज्यात एकच डोळा दिसतो. दीडचश्म, म्हणजे पाऊण वळवलेला चेहरा, हा प्रकार स्त्रियांच्या बाबतीत कमी आढळतो. एकचश्म चेहऱ्याची स्त्री पाहणाऱ्याकडे कधीच पाहत नाही, आणि तिच्याविषयी वाटणाऱ्या ओढीचा मोठा भाग या न पाहण्यातच साठवलेला आहे.

खुंजा हुमायूँची कन्या चांदबिबी हिच्या चित्रांचे प्रकरण याच्या नेमके उलट आहे. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशाहाची ही विधवा, १५९५-९६ मध्ये मोगलांनी घातलेल्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवणारी आणि १६०० मध्ये आपल्याच माणसांकडून मारली गेलेली. तिचे समकालीन चित्र म्हणून निःशंकपणे पुढे करावे असे काही हाती नसताना, घोड्यावर स्वार होऊन हातावर बहिरी ससाणा घेतलेली चांदबिबी दख्खनी चित्रकारांनी १७०० च्या सुमारापासून वारंवार रंगवली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अशाच प्रकारचे चित्र आहे. निजामशाही बुडाली होती, आदिलशाही बुडाली होती, आणि औरंगजेबाच्या मोहिमांनी दख्खनचे जुने दरबार उधळले होते. अशा वेळी मोगलांशी झुंजलेली एक स्त्री चित्रकारांना आणि त्यांच्या आश्रयदात्यांना हवीशी वाटली, यात नवल नाही. आईचा प्रत्यक्षातला चेहरा पुसला गेला आणि मुलीला शंभर वर्षांनी कल्पनेतला चेहरा मिळाला, आणि आज अहमदनगरच्या इतिहासाच्या पुस्तकांत छापले जाते ते या दुसऱ्याच प्रकारचे चित्र.

या दोघींच्या मधल्या काळात, सतराव्या शतकाच्या प्रारंभी, विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या दरबारी एका अज्ञात चित्रकाराने मैना हाती घेतलेली योगिनी रंगवली. हे चित्र आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. भस्माची राखाडी झाक असलेला चेहरा, डोक्यावर उंच बांधलेला जटाभार, आणि त्याच वेळी अंगावर मोत्यांचे सर व उंची वस्त्र; पायांशी उगवलेली फुले तिच्या खांद्याला लागतील इतकी मोठी, तर दूर टेकडीवरचा महाल खेळण्याएवढा लहान. वैराग्य आणि वैभव यांचा मेळ घालणारी ही स्त्री म्हणजे तपस्विनी झालेली राजकन्या, की राणीचा थाट दिलेली जोगीण, याचा निवाडा चित्र स्वतः होऊ देत नाही, आणि तिच्या बाबतीत गूढ हा शब्द खरोखर शोभतो, कारण ते गूढ पाहणाऱ्याने आणून बसवलेले नसून चित्रकाराने जाणूनबुजून रचलेले आहे. राजस्थानातील किशनगडच्या ‘बणीठणी’ला, जिला भारताची मोनालिसा म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्या मानाने अधिक प्रसिद्धी मिळाली, अठराव्या शतकाच्या मध्यास निहालचंद या चित्रकाराशी जोडले जाणारे ते चित्र राजा सावंतसिंहाच्या प्रिय गायिकेचे आहे असे सांगतात, परंतु कानापर्यंत ताणलेला डोळा आणि धनुष्याकृती भुवई पाहता ते तिचे व्यक्तिचित्र कमी आणि राधेच्या आदर्शाचे चित्र अधिक आहे. १९७३ साली टपाल खात्याने त्यावर तिकीट काढले तेव्हा त्यावर राधेचेही नाव होते.

युरोपीय चित्रकार भारतात येऊ लागल्यावर तैलरंग आले, आणि त्यांच्याबरोबर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत रोखून पाहणारी स्त्रीही आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या घरी राहणाऱ्या हिंदी स्त्रियांना, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘बीबी’ म्हटल्या जाणाऱ्यांना, या चित्रकारांनी समोर बसवले. थॉमस हिकी याने १७८७ मध्ये रंगवलेले असे एक सुंदर चित्र आयर्लंडच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, आणि त्यातील स्त्री म्हणजे आत्मचरित्रकार विल्यम हिकी याची जमदानी असावी असे मानतात. त्या चित्राच्या शीर्षकातच ‘बहुधा’ हा शब्द घालावा लागला आहे.

मुंबईत ही परंपरा संस्थेच्या रूपाने रुजली ती सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या कलाशाळेमुळे. छायाप्रकाश, यथादर्शन म्हणजे अंतरानुसार वस्तू लहान होत जाण्याचे गणित, आणि प्रत्यक्ष माणूस समोर बसवून काढायचे रेखाटन, या तीन गोष्टींवर तेथील शिक्षण उभे होते. आणि येथेच एक अडचण उभी राहिली, जिच्याकडे कलेच्या इतिहासकारांनी द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही. प्रत्यक्ष माणूस समोर हवा, तर स्त्री कोठून आणायची? प्रतिष्ठित घरातील स्त्रीने परक्या पुरुषासमोर तासन्‌तास निश्चल बसावे, त्याने तिचा चेहरा, दंड, मानेचा कल न्याहाळावा, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या मध्यमवर्गाला सहन होणारी नव्हती. ज्या स्त्रियांचा वावर आधीपासूनच पुरुषांच्या बैठकीत होता, म्हणजे गायिका, नर्तकी, गोव्याहून येऊन गिरगावाच्या परिसरात स्थिरावलेल्या कलावंत घराण्यांतील स्त्रिया, किंवा ज्यांना मजुरीची गरज होती अशा कष्टकरी स्त्रिया, त्याच चित्रकारांसमोर बसल्या. त्यांना पैसे मिळाले, परंतु चित्राच्या शीर्षकात नाव मिळाले नाही.

राजा रविवर्मा यांच्या कारकिर्दीत हे सारे धागे एकत्र येतात. १८४८ मध्ये किळिमानूर येथे जन्मलेल्या रविवर्म्यांना १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले, ते केसांत फुले माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला. म्हणजे त्यांच्या कीर्तीचा आरंभच एका निनावी स्त्रीपासून झाला. १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली त्या सुमारास ते बडोद्याला आले आणि तेथे त्यांनी राजघराण्याची व्यक्तिचित्रे काढली. त्यांपैकी तंजावरच्या मराठी घराण्यातून आलेल्या महाराणी पहिल्या चिमणाबाई यांचे चित्र मराठी प्रेक्षकाला विशेष जवळचे वाटावे असे आहे. पडद्यातील राणीचे चित्र काढताना चित्रकाराला किती मोकळीक मिळत असेल याचा अंदाज त्या चित्राच्या ताठर बैठकीवरून येतो: दागिना आणि जरीकाठ यांवर जेवढी मेहनत आहे, तेवढी मुद्रेवर नाही. राणीचे नाव तिच्या दागिन्यांनीच सिद्ध करायचे असल्यामुळे चेहऱ्याला फारसे बोलू देण्याची सोय नव्हती.

निनावी स्त्रीच्या चित्रात ही बंधने नसत, आणि म्हणूनच रविवर्म्यांचे अधिक जिवंत काम तेथे आढळते. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी जी दहा चित्रे पाठवली, ती सर्व भारतीय स्त्रीजीवनावरची होती, आणि त्यांत ‘मुंबईची गायिका’ अशा अर्थाचे शीर्षक असलेले एक चित्र होते. गायिकेला मुंबई हे गाव मिळाले, नाव नाही. त्याच संचातील ‘ते पहा बाबा आले’ या अर्थाच्या शीर्षकाचे चित्र पाहण्यासारखे आहे: कडेवर मूल घेतलेली मलबारी स्त्री, पायाशी कुत्रा, आणि दोघांचीही नजर चौकटीबाहेरच्या, कधीच न दिसणाऱ्या पुरुषाकडे. या चित्रासाठी रविवर्म्यांची कन्या महाप्रभा हिने बैठक दिली होती. केरळातील मातृवंशीय कुटुंबपद्धती, जीत वारसा आईकडून चालतो आणि वडिलांचे स्थान दुय्यम असते, तिच्यावर त्याच दशकात वाद चालू होता आणि १८९६ मध्ये मलबार विवाह कायदाही झाला. ती पार्श्वभूमी ठाऊक असणाऱ्याला त्या चौकटीबाहेरच्या बाबांची वाट पाहण्यामागे निव्वळ कौटुंबिक गोडव्याहून अधिक काही आढळेल.

मुंबईतील मॉडेलवर सर्वांत लांब सावली मात्र पौराणिक चित्रांनी टाकली. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवण्यात आला. शिळाछाप म्हणजे गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र उतरवून, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून, एकावर एक ठसे घेण्याची पद्धत. अनेक रंगांच्या अशा चित्रावर रोगण चढवून त्याला तैलचित्राची चमक दिली की त्याला ओलिओग्राफ म्हणत. या यंत्रातून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती हजारोंनी बाहेर पडल्या आणि देवघरांच्या भिंतींवर चौकटींत बसल्या. त्यांच्यासाठी मुंबईतील गायिका-नर्तकींनी बैठका दिल्या हे त्या काळी लोकांना ठाऊक होते. गोव्याकडील घराण्यात १८८३ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका म्हणून नावाजलेल्या अंजनीबाई मालपेकर यांनी तरुणपणी रविवर्म्यांसाठी बैठक दिल्याचे सांगितले जाते. राजीबाई मुळगावकर यांचे नाव लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांशी लोकपरंपरेने जोडले आहे. ज्या घरात या स्त्रियांना हळदीकुंकवाला बोलावले गेले नसते, त्याच घरात त्यांच्या चेहऱ्याला रोज हळदकुंकू लागत होते. या विसंगतीची त्या काळातील समाजाला टोचणी लागल्याचे फारसे दिसत नाही.

अंजनीबाईंचे उदाहरण येथे आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्यांचे नाव टिकले ते चित्रांमुळे नव्हे, गाण्यामुळे. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या, कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांच्यासारख्या शिष्यांना विद्या देणाऱ्या या गायिकेच्या चरित्रात रविवर्म्यांच्या बैठका एका वाक्यापुरत्या येतात. ज्यांच्यापाशी असे दुसरे कर्तृत्व नव्हते, किंवा असूनही कोणी नोंदवले नाही, त्या केवळ चेहऱ्यांच्या रूपाने उरल्या. रिकाम्या जागा रिकाम्या राहत नाहीत. रणजित देसाई यांची ‘राजा रविवर्मा’ ही कादंबरी घरोघरी वाचली गेली आणि तिच्यावर बेतलेल्या ‘रंगरसिया’ या चित्रपटातील सुगंधा ही नायिका आज अनेकांना प्रत्यक्षातल्या कोणत्याही मॉडेलपेक्षा खरी वाटते. चांदबिबीला जसा कल्पनेतला चेहरा मिळाला, तसे येथे खऱ्या चेहऱ्यांना कल्पनेतले नाव मिळाले.

रविवर्म्यांनंतरच्या मुंबईत स्त्रीचित्राचे काम सर्वांत विपुल प्रमाणात केले ते महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले, १८९० मध्ये जमशेटजींच्या त्याच जे. जे. कलाशाळेत दाखल झालेले आणि पुढे तेथेच अध्यापक झालेले धुरंधर यांना ‘आलीस का लक्ष्मी?’ या चित्रासाठी बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले होते, आणि त्यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त त्या काळच्या कलाशाळेचा मराठीतील एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. त्यांची रेषा चपळ होती. डोक्यावरची पाटी सावरणारी कोळीण, घाटावर पदर खोचून धुणे बडवणारी बाई, देवळाच्या पायरीवर वाकलेली म्हातारी, यांच्या अंगाची ठेवण ते चार फटकाऱ्यांत पकडत. सनदी अधिकारी ऑटो रॉथफेल्ड याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी काढलेली रंगीत चित्रे आजही पुनर्मुद्रित होतात. परंतु त्या पुस्तकाची मांडणी जाती आणि प्रांत यांच्या चिठ्ठ्या लावण्याची होती. प्रत्येक चित्राखाली अमुक जातीची किंवा तमुक प्रदेशातली स्त्री एवढाच मजकूर येतो, आणि साम्राज्याच्या खानेसुमारीची दृष्टी चित्रकलेत कशी उतरली याचा तो उत्तम नमुना ठरतो. धुरंधरांचे कसब इतके की त्या चिठ्ठीला न जुमानता काही चेहरे व्यक्तीसारखे भासतात, आणि त्या पुस्तकाचे खरे मोल या अवज्ञेतच आहे.

बैठकीला स्त्री मिळण्याची अडचण अनेक चित्रकारांनी घरातच सोडवली. गोव्यातील सांगे येथे १८७० मध्ये जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांच्या चित्रांत त्यांची पत्नी फ्लोरेंतिना वारंवार येते, आणि पतीला ठाऊक असलेली तिची थकलेली, विचारात गढलेली मुद्रा रविवर्म्यांच्या कोणत्याही नायिकेत सापडणार नाही. त्यांची व त्यांची कन्या अँजेला हिची बरीच चित्रे आता पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत पाहता येतात. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनीही तोच मार्ग धरला, आणि त्यातून निर्माण झालेले चित्र महाराष्ट्राच्या सीमेबाहेर अधिक प्रसिद्ध झाले.

१८८२ मध्ये सावंतवाडीत जन्मलेल्या आणि १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची चित्रकला-संस्था काढणाऱ्या हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास ‘निरांजनी’ रंगवली; इंग्रजीत ती ‘ग्लो ऑफ होप’ म्हणून ओळखली जाते. हातात पेटता दिवा घेतलेली स्त्री, ज्योत विझू नये म्हणून पुढे धरलेला तळवा, आणि त्या तळव्याच्या बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड. चित्र जलरंगातले आहे, आणि त्याचे मर्म या माध्यमातच आहे. तैलरंगात उजेड सर्वांत शेवटी, जाड पांढऱ्या रंगाने वर चढवता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, म्हणून जेथे उजेड हवा ती जागा पहिल्यापासून राखून ठेवावी लागते आणि अंधार तिच्या कडेने थराथराने उतरवत न्यावा लागतो. एकदा पडलेला ओघळ झाकता येत नाही. बोटांच्या कडांवरची ती लाली म्हणजे एकावर एक दिलेले पातळ हात आहेत, आणि शेजारच्या जांभळट साडीत शिरण्यापूर्वी ते वेळीच थांबवलेले आहेत. हळदणकरांसमोर दिवा धरून उभी राहिली होती ती त्यांचीच कन्या गीता.

हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात गेले. त्या दालनात रविवर्म्यांचीही चित्रे आहेत, त्यांतील १८८९ च्या सुमाराचे वाद्यवादिनींचे समूहचित्र तर विशेष प्रसिद्ध आहे, आणि या शेजारामुळे दिवेवाली स्त्री रविवर्म्यांचीच असा समज इतका पक्का झाला की वर्तमानपत्रांतून आणि दिनदर्शिकांतून ती त्यांच्या नावावर सर्रास छापली गेली. एरवी चित्रकाराचे नाव राहते आणि मॉडेलचे जाते. येथे चित्रकाराचेच नाव गेले, आणि ते परत मिळवून देण्यात मॉडेलचाच हातभार लागला. पुढे कोल्हापुरात स्थायिक झालेल्या गीता उपळेकर यांनी उतारवयात पत्रकारांना वडिलांच्या त्या बैठकीची हकिगत सांगितली, २०१८ मध्ये त्या शंभरी ओलांडून निवर्तल्या तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी दिवेवाल्या स्त्रीची बातमी दिली, आणि त्या बातमीत हळदणकरांचे नाव आपोआप आले.

स्त्रीने स्वतःच कुंचला हाती घेण्याला मुंबईत ‘निरांजनी’पूर्वीच आरंभ झाला होता. धुरंधरांची कन्या अंबिका हिने १९३१ मध्ये कलाशाळेची पदविका मिळवली, अँजेला त्रिंदाद हिनेही तेथेच शिक्षण घेतले, आणि दोघींना आपापल्या वडिलांच्या चित्रशाळेचा आधार होता, जो इतर मुलींना नव्हता. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या अमृता शेरगिल यांना असा आधार लागला नाही. त्यांनी स्वतःची अनेक चित्रे काढली, आणि त्यांत पाहणारी व पाहिली जाणारी एकच असल्यामुळे ओळखीचा प्रश्नच मिटतो. १९३६ च्या अखेरीस त्या मुंबईला आल्या, तेथून त्यांनी अजिंठा पाहिला, आणि १९३७ मध्ये त्यांच्या तीन मुलींच्या समूहचित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, म्हणजे धुरंधरांना ज्या संस्थेने गौरवले त्याच संस्थेचे. त्या चित्रात महाल नाही, दिवा नाही, नजरेत भरण्याजोगा दागिना नाही. तिघींच्या नजरा खाली किंवा बाजूला आहेत आणि कोणीच पाहणाऱ्याची दखल घेत नाही. मुली चित्रकर्तीच्याच माजिठिया घराण्यातल्या, नात्यातल्या होत्या, त्यांची नावे तिला अर्थातच ठाऊक होती. तरी चित्राचे शीर्षक ‘तीन मुली’ एवढेच राहिले, आणि नाव गाळण्याची जी रीत पुरुष चित्रकारांनी घालून दिली होती, ती या एका बाबतीत शेरगिल यांनीही पाळली.